४५०० च्या वर ओढत नाही, म्हणून लगेच इंजिन खोलू नका

तुमचा प्रश्न वाचला. १९९३ ची माझदा आरएक्स-७, जपानहून आलेली, खारघरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरीच वर्षं उभी. आता रस्त्यावर काढलीत तर ४५०० आरपीएमपर्यंत झकास ओढते आणि तिथून पुढे एकदम दम सोडते. गॅरेजवाले म्हणतात, रोटरी इंजिन आहे (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात), त्याचे सील गेले, इंजिन खोलावं लागेल.

निदान आत्ता तरी खोलू नका. मी अकरा वर्षं शारजाला गॅरेजमध्ये होतो, तिथे या गाड्या नेहमी यायच्या. आता तुर्भ्याला काम करतो. सील तुटलेली रोटरी कशी वागते ते सांगतो: गरम झाल्यावर सेल्फ मारत बसावं लागतं, आयडलला अख्खी गाडी हलते. तुम्हीच लिहिलंय की गरम असतानाही पहिल्या सेल्फला सुरू होते आणि आयडल स्थिर आहे. हे मेलेल्या इंजिनाचं लक्षण नाही.

तरी मनातली शंका जावी म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या आत हवा किती दाबली जाते, ते गेज लावून बघाच. साध्या गेजमध्ये एक गोची आहे. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि साधं गेज त्या तिघींतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं. म्हणजे दोन बाजू गेलेल्या असल्या तरी आकडा चांगलाच दिसतो. म्हणून गेजमधला छोटा व्हॉल्व्ह काढा, इंजिन गरम असताना प्लग काढून गेज लावा, इग्निशन आणि पेट्रोल बंद ठेवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि काटा बघा. तीन उड्या सारख्या आल्या पाहिजेत. एक मोठी आणि दोन मरतुकड्या आल्या तर एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलं, कारण एक सील दोन बाजूंच्या मध्ये असतं. मग व्हॉल्व्ह परत लावून आकडा घ्या. १०० पीएसआयच्या आसपास म्हणजे छान, ८५ च्या खाली म्हणजे काम निघालं. बॅटरी मात्र फुल चार्ज हवी, सेल्फ हळू फिरला तर आकडा उगाच कमी येतो.

आता ४५०० चं. या गाडीत दोन टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे पंखे) आहेत आणि ते एकामागून एक लागतात. खाली पहिला एकटाच काम करतो, साधारण ४५०० ला दुसरा येऊन मिळतो. तुमची गाडी नेमकी तिथेच दम सोडते, म्हणून माझा संशय सरळ दुसऱ्या टर्बोवर आहे. टर्बो खराब आहे असं मी म्हणत नाही. त्याला आत घेणारी जी व्हॅक्यूमची यंत्रणा आहे, तिच्यावर संशय आहे. कंपनीने या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, दाखवणारं गेज दिलेलं नाही, तेव्हा आधी एक गेज बसवून घ्या. अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये बघा: काटा १० पीएसआयला जाईल, ४५०० ला ८ पर्यंत उतरेल आणि परत १० वर येईल. ही चांगली तब्येत. १० वरून ४-५ ला पडून तिथेच राहिला तर दुसरा टर्बो आलाच नाही.

मग इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या खाली बघा. बारीक रबरी होजचं जंगल आहे, सॉलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारे छोटे व्हॉल्व्ह) आहेत, आणि सगळं टर्बोच्या धगीत तीस वर्षं शेकलेलं. शारजाला एका गाडीत मी एक होज दोन बोटांनी जरा वाकवला तर बिस्किटासारखा तुटला. वरून बघितला तर धडधाकट, काळा कुळकुळीत. आपल्याकडे त्यात उंदरांची भर. पावसाळ्यात उबेला बोनेटखाली येतात आणि होज, वायरी कुरतडतात, म्हणून टॉर्च घेऊन नीट बघा. मध्ये छोटे वन-वे व्हॉल्व्ह आहेत, ते काढून तोंडाने फुंका. एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने जराही नाही. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या प्लास्टिक टोकांना चीर गेलीय का, पाइपांचे क्लॅम्प ढिले आहेत का, हे स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे पाइपांत धूर सोडून बघितलं की लगेच कळतं.

पण बूस्ट पूर्ण येतोय आणि तरी गाडी अडखळते, असं दिसलं तर त्याच क्षणी पाय काढा. मग पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता आहे आणि रोटरीचं सील त्यातूनच फुटतं: हवा भरपूर, पेट्रोल कमी, आत नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून बसणारे ठोके). उभ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं, त्यावर आताचं इथेनॉलवालं पेट्रोल पडलं की तो गाळ सुटून फिल्टरला जातो. टाकी रिकामी करून साफ करा, फिल्टर बदला. पंपाला लोडवर किती व्होल्ट मिळतात ते मोजा. आयडलला कमी दिसले तर घाबरू नका, कमी लोडला या गाडीत पंप मुद्दामच हळू चालवतात. अर्थिंगचे पॉइंट घासून घ्या, खाडीच्या हवेत ते लवकर गंजतात. प्लग चार आहेत, प्रत्येक रोटरला दोन: लीडिंगला (आधी पेटणारा) ७ नंबर, ट्रेलिंगला (मागून पेटणारा) ९. अदलाबदल झालेली नाही ना तेवढं बघा.

होज बदलायला बसाल तेव्हा आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. सिलिकॉनचा होज आतल्या मापाचा घ्या आणि एका वेळी एकच बदला, जुना काढला की लगेच त्या जागी नवा. सगळे एकदम काढलेत तर कुठला कुठे होता ते कळायला दोन रविवार जातील. कॉम्प्रेशनचे आकडे आणि गेजचा काटा कसा फिरला ते इथे लिहा, बघून पुढचं सांगतो.