देवीची आज्ञा, सेनापतीचा हुकूम आणि जळालेले कोठार

प्रश्न : आम्ही काही मित्र दर शनिवारी धरमपेठेत एकाच्या घरी जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळतो, ज्यात प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि फासे टाकत कथा पुढे नेली जाते. खेळ चालवण्याचे काम, म्हणजे डीएमची भूमिका, माझ्याकडे आहे. आमच्या कथेतील राजपुरोहिताने मध्यंतरी असे जाहीर केले की, नदीकाठचे एक नगर भ्रष्ट झाले असून ते शुद्ध करावे अशी देवीची आज्ञा आहे. त्यावरून सेनापतीने नगराला वेढा घातला. त्याच्या आघाडीच्या तुकडीने धान्याच्या कोठाराला आग लावली, फासे उलटे पडल्यामुळे ती वस्तीत पसरली आणि शेकडो निरपराध माणसे मेली. पुरोहित झालेला मित्र म्हणतो, “या जगात देवी खरोखर आहे आणि ती खरोखर बोलते, मी फक्त निरोप सांगितला.” सेनापती म्हणतो, “मी पिछाडीला होतो, आग लावण्याचा हुकूम मी दिलाच नव्हता.” पुरोहिताची दैवी शक्ती काढून घ्यावी की सेनापतीचे पद, यावरून आमच्यात कडाक्याचा वाद झाला आहे. दोष कोणाचा मानावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या मंडळींनी दोष एकच आहे आणि तो दोघांत वाटायचा आहे असे गृहीत धरलेले दिसते, वादाचे मूळ तिथेच आहे. नैतिक जबाबदारी म्हणजे सातबाऱ्यावरची शेतजमीन नव्हे, की एकाच्या नावावर दोन एकर जास्त चढले म्हणून दुसऱ्याचे तेवढे कमी व्हावेत. पुरोहित पूर्णपणे दोषी ठरला तरी सेनापती सुटत नाही, आणि सेनापतीला शासन झाले म्हणून पुरोहिताचे हात धुतले जात नाहीत. दोघांची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागेल.

आधी पुरोहिताकडे वळू. देवी खरी असल्यामुळे आपला भार हलका होतो असे त्याला वाटते. माझ्या मते तो वाढतो. आपल्या जगातील एखादा धर्मगुरू निदान असे म्हणू शकतो की ईश्वरी वचन गूढ होते, त्याचा अर्थ लावताना चूक झाली आणि खुलासा विचारायला वाट नव्हती. आपल्या खेळात ती वाट आहे. ‘कम्यून’ नावाच्या मंत्राने वरच्या पायरीवर पोहोचलेल्या क्लेरिकला, म्हणजे पुरोहित-पात्राला, आपल्या दैवताला तीन प्रश्न विचारता येतात, ज्यांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे मिळते. त्याच नियमात हेही नमूद आहे की दैवते सर्वज्ञ असतातच असे नाही, त्यामुळे एखादे उत्तर ‘अस्पष्ट’ असेही येऊ शकते. राजपुरोहिताच्या पदावर बसलेल्या पात्राला हा मंत्र अवगत असणार. मग ‘शुद्ध करा’ म्हणजे ठार मारा काय, लेकराबाळांसह काय, एवढे दोन प्रश्न त्याने विचारले होते का? विचारले नसतील तर त्याने देवीचा निरोप सांगितला नाही. अर्ध्या निरोपात स्वतःचा अर्थ मिसळून तो देवीच्या नावावर खपवला.

आता समजा, त्याने विचारले आणि देवीने ‘होय’ म्हटले. तरीही तो सुटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्ष करता न आलेल्या आणि १९३६ साली स्वतःच छापून प्रसिद्ध केलेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम सांगितल्याप्रमाणे वागायला लावतो, तत्त्व विचार करायला लावते. धार्मिक कृती प्रसंगी चुकीची असू शकेल, पण ती निदान जबाबदारीने केलेली असली पाहिजे, आणि धर्म केवळ नियमांपुरता उरला की ही जबाबदारीच नाहीशी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांनी पुढे १९५६ साली याच नागपुरात लाखो अनुयायांसह धर्म बदलला, त्यांचे हे म्हणणे आपल्या शहरात तरी वेगळे पटवून द्यायला नको. आपल्या खेळातला क्लेरिक आपले दैवत स्वतः निवडतो. ज्याने दैवत निवडले, त्याला ते सोडताही येते. निदान ‘ही आज्ञा मी नगरात वाचून दाखवणार नाही’ एवढे म्हणता येते.

‘मी केवळ शब्द उच्चारले’ हा बचाव तर खऱ्या न्यायालयातही टिकलेला नाही. रवांडातील न्यांगे येथील धर्मगुरू अथानास सेरोंबा यांच्या चर्चमध्ये एप्रिल १९९४ मध्ये, तुत्सी जमातीचा वंशसंहार चालू असताना, हजारावर तुत्सी आश्रयाला आले होते. त्या लोकांसह ते चर्च बुलडोझरने पाडले गेले. सेरोंबांनी यंत्र चालवले नव्हते, त्यांनी संमती दिली होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने २००८ साली त्यांना जन्मठेप सुनावली, कारण त्या जागी त्यांच्या शब्दाला जे वजन होते त्यामुळेच बुलडोझर पुढे सरकला.

सेनापतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि ‘मी हुकूम दिला नव्हता’ हे त्याचे विधान खरे मानूनच तो सोडवला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातील जपानी सेनापती यामाशिता यांनीही, मनिलातील कत्तलींचा हुकूम आपण दिला नव्हता आणि तेथील तुकड्यांशी आपला संपर्क तुटला होता, असाच बचाव केला. लष्करी आयोगाने त्यांना मृत्युदंड ठोठावला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन न्यायमूर्तींच्या तीव्र मतभेदानंतरही हस्तक्षेप केला नाही, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांना फाशी झाली. त्या दोन न्यायमूर्तींचे म्हणणे मला आजही पटते : जे ठाऊकच नव्हते आणि जे रोखणे हातात नव्हते, त्यासाठी केवळ पदावर होता म्हणून कोणाला फासावर चढवणे हा न्याय नव्हे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने स्थापन झाले, त्या १९९८ च्या रोम कराराने कसोटी अधिक नेमकी केली. सेनापतीला माहीत होते का, किंवा त्या परिस्थितीत माहीत असायला हवे होते का. आणि असेल तर ते रोखण्यासाठी किंवा नंतर दोषींना शासन व्हावे यासाठी त्याने शक्य ते सर्व केले का?

‘माहीत असायला हवे होते’ याचा अर्थ समजून घ्यायला मात्र रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. शिवाजी महाराजांच्या राजवटीत चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना गेलेले पत्र आपल्या सेनापतीने अवश्य वाचावे. दाणागोटा आणि वैरण आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, मग लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, भाजी आणू लागतील, आणि रयतेला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असे त्यात बजावले आहे. पुढे तर आगीचीच सविस्तर चिंता आहे : कोणी भलत्या जागी चूल मांडेल, कोणी तमाखूसाठी विस्तव घेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. एकदा सारे जळून गेले की मग कोणाच्या गर्दना मारून उपयोग नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. उंदराने वात नेण्याची शक्यता ज्या राजवटीत आधीच हिशेबात धरली जाते, तिथे ‘माझ्या तुकडीने कोठार पेटवले हे मला कळलेच नाही’ असे सांगणारा अधिकारी किती वेळ उभा राहिला असता?

अर्थात मराठ्यांचा सगळाच इतिहास या पत्राला साजेसा नाही, आणि नागपूरकरांनी ते विसरू नये. १७४२ सालच्या बंगालच्या स्वारीत रघूजीराजे भोसले स्वतः नव्हते, दिवाण भास्करराम कोल्हटकर होते. कटव्याजवळ त्यांनी थाटात दुर्गापूजा मांडली, आणि त्याच मोहिमेत त्यांच्या स्वारांनी गावेच्या गावे लुटली. बंगाली आया अंगाईत बारगिरांची भीती घालतात ती तेव्हापासून. पुढे १७५१ च्या तहाने वर्षाला बारा लाखांची चौथाई नागपूरच्या दरबाराला मिळू लागली. राजे पिछाडीला होते, म्हणून हिशेबातून वगळता येतील काय?

फाशांविषयी थोडेच सांगतो. आग किती पसरली हे फाशांनी ठरवले, ती लावायची की नाही हे त्यांनी ठरवले नाही. फासे शकुनीचे होते म्हणून पणाचा दोष युधिष्ठिराच्या माथ्यावरून उतरलेला नाही.

तेव्हा डीएम या नात्याने आपण घाईने कोणाचे काहीही काढून घेऊ नये. जुन्या आवृत्त्यांत जाणूनबुजून दुष्कृत्य करणाऱ्या पॅलाडिनची, म्हणजे धर्मयोद्ध्याची, शक्ती नियमानेच जात असे. नव्या आवृत्त्यांत तसे बंधन उरलेले नाही, त्यामुळे निर्णय आपल्यावर आहे. पुढच्या बैठकीत पुरोहिताला ते तीन प्रश्न सर्वांसमक्ष विचारायला लावा, आणि देवीच्या वतीने आपण प्रामाणिक उत्तरे द्या. सेनापतीला एकच विचारा : कोठार पेटवणाऱ्या तुकडीचा नायक आज कोठे आहे? तो बेड्यांत असेल तर सेनापतीच्या बाजूने बोलायला जागा आहे. ‘आघाडीवर, पुढच्या नगराच्या वाटेवर’ असे उत्तर आले, तर पद काढून घ्यायला हरकत नाही.