कॅरमल पुडिंगसाठी पाक करताना साखरेचे पुन्हा खडे का होतात?
ढवळल्यामुळे. पाक उकळत असताना चमचा फिरवला की कडेला चिकटलेले साखरेचे कण परत आत पडतात आणि त्यांच्याभोवती सगळा पाक दाणेदार होतो. अर्धी वाटी साखरेला दोन-तीन चमचे पाणी आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब घाला. आंबटपणामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि पाक सहजासहजी दाणे धरत नाही. साखर विरघळली की चमचा बाजूला ठेवायचा, भांडंच गोल हलवायचं. रंग साधारण 170 अंश सेल्सियसला चढतो आणि बघता बघता करपतो, म्हणून मधासारखा दिसताच गॅस बंद. पुढचं भांड्याची धग करते. खडे झालेच तर फेकू नका, पाणी घालून पुन्हा विरघळवा. साखर कोरडीच वितळवत असाल तर मात्र हलकं ढवळलेलं चालतं.