गारा थांबल्यावर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर रडवेली होऊन म्हणालीस, "गुरुजी, वर्गातली पोरं ऐकेनात, गारा वेचायला पळालीच." अगं, मी तर पोरांना स्वतःच पाठवलं होतं! २०१४ च्या मार्चमध्ये राज्यात जागोजागी गारपीट झाली, तेव्हा मी चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत होतो. मार्चच्या उन्हात अंगण पांढरंशुभ्र झालेलं बघून मीच पोर झालो. गारा थांबल्या होत्या, विजा थांबल्या नव्हत्या. माझी दहा-बारा पोरं डबे घेऊन चिंचेखाली. काही झालं नाही ते नशिबानं. शेवटचा गडगडाट ऐकू आला की तिथून अर्धा तास मोजायचा, तोवर कुणी उंबरा ओलांडायचा नाही. झाडाखाली तर नाहीच.

पत्र्याच्या खोलीत गारांचा असा दणका असतो की तुझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नाही. म्हणून खूण ठरवून ठेव. मी दोन्ही हात डोक्यावर ठेवले की पोरं खिडकीपासून लांब, बाकाखाली. परिपाठाच्या वेळी चार-पाचदा सराव घे, पोरं खेळ म्हणून शिकतात. स्लॅबची खोली असेल तर आभाळ काळवंडताच तिकडे हलव. आधी डोकी मोज. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही आत घे, गडबडीत त्याच राहतात.

मग गार हातात घेऊन शिकव की! फुटपट्टीनं मोजा, मधोमध फोडून बघा. कधी कधी कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. तापलेल्या जमिनीवरची हवा जोरात वर चढते, ढगातले थेंब उंचावर गोठवते, आणि गार पेलवेनाशी होईपर्यंत तिच्यावर बर्फाचे थर चढत राहतात. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ कसा पडतो, हे पोरं विचारतीलच. वितळायच्या आत उरकायचं मात्र.

मी चुकलो ते दुसऱ्या दिवशी. फळ्यावर लिहिलं, 'मी पाहिलेली गारपीट', दहा ओळी. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमनी केळी आडी पडनी." आणि खाली बसला. आदल्या दिवशी सगळ्यात मोठी गार त्यानंच आणली होती. बाप वाऱ्यानं मोडलेली खोडं मोजत होता. जे घड उभे राहिले त्यांनाही गारेचा मार. काळे डाग पडले की व्यापारी भाव पाडतो, हे त्या दहा वर्षांच्या पोराला माझ्याहून जास्त ठाऊक. मी फळा पुसला. नंतर काय शिकवलं, आठवत नाही.

त्या आठवड्यात हजेरी कमी भरेल. चिडू नकोस, पोरं वावरात असतात. संध्याकाळी दोन-चार घरी जाऊन ये, पण सांत्वनाचं भाषण नको. तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला आले का, विचार. केळीला गारपिटीचा विमा काढला असेल तर नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. कित्येकांची मुदत वाट बघण्यातच जाते. फोनवरून कळवायला मदत कर, फोटो काढून दे. ही कामं तुझी नाहीत असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

उलटटपाली पट किती ते कळव, आणि खोल्यांपैकी पत्र्याच्या किती, स्लॅबच्या किती, तेही.

तुझे,
गुरुजी