घरच्या सावरडोवर (नैसर्गिक खमिराने फुगवलेल्या पावावर) भाजण्याआधी चिरा पाडायला महागडं 'लाम' घ्यावं, की स्वयंपाकघरातली सुरी पुरेल?

दोन्ही नको, दाढीचं साधं दुधारी ब्लेड घ्या. लाम म्हणजे तरी काय, तर तेच ब्लेड दांड्यावर बसवलेलं. कॉफी ढवळायची चपटी लाकडी काडी ब्लेडच्या मधल्या फटींतून ओवली की घरच्या घरी तसंच हत्यार तयार होतं. मी दर आठवड्याला सावरडो भाजते आणि सुरीही वापरून पाहिली आहे. भाजीची सुरी कितीही परजली तरी तिचं पातं जाड असतं. ओल्या, चिकट पिठाला ती कापण्याऐवजी ओढते, गोळा दबतो आणि आतली हवा जाते. ब्लेड पातळ असल्यामुळे स्वच्छ चीर पडते. भट्टीत पाव झपाट्याने फुगतो तेव्हा त्याला उमलायला वाट हवी असते, नाहीतर तो कुठेतरी बगलेत फुटतो.

चीर साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर खोल द्या, एका दमात, न थांबता. कडेला कुरकुरीत पाकळी उचलून यायला हवी असेल तर ब्लेड काडीवर किंचित वाकवून बसवा आणि साधारण ३० अंशांत तिरपं धरा. नक्षीसाठी मात्र सरळ ब्लेड, उभं धरून. पीठ फारच चिकटत असेल तर गोळा फ्रिजमधून काढल्या काढल्या चिरा.

एक अपवाद: कमी पाण्याच्या घट्ट पिठाला दातेरी ब्रेड-सुरीही चांगली चालते. आणि ब्लेड धुऊन, कोरडं पुसून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा डबीत ठेवा, ओट्यावर कधीच नको.