सिंगापूर होलीच्या झुडपाचं सुकं लाकूड दाखवणारं बोन्साय गोव्यात जमेल का?

तुम्ही विचारलंय की नर्सरीतून आणलेल्या 'सिंगापूर होली'ची एक बाजू सुकली आहे, ती छाटून टाकावी की जपानी बोन्सायच्या चित्रांत असते तशी पांढरी करून ठेवावी. ठेवा, नक्की ठेवा. मात्र पटाशी हातात घेण्याआधी पावसाला किती महिने उरलेत ते मोजा.

आधी नावाचा गोंधळ दूर करतो. हे झाड खऱ्या होलीचं नाही. खरी होली म्हणजे आयलेक्स. तिचं लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं आणि घट्ट असतं, बुद्धिबळाच्या सोंगट्या त्याच्या करत. जपानी होली किंवा युरोपातली नाताळची होली थंड हिवाळ्यातली झाडं, फोंड्याच्या उकाड्यात ती कुढतात. तुमचं झाड मालपिगिया, कॅरिबियन बेटांकडचं. पानांना होलीसारखे काटेरी दाते म्हणून ते नाव पडलं. मांडवीकाठच्या खारफुटीत होलीसारख्याच काटेरी पानांचं एक झुडूप दिसतं, त्याचाही या दोघांशी संबंध नाही. मालपिगियाचं पान मुळातच लहान, झालरीसारख्या पाकळ्यांची फिकट गुलाबी फुलं, मग लाल फळं. गोव्यात बोन्साय करायला मला तरी याहून सोयीचं झुडूप माहीत नाही. उणीव एकच, बुंधा फार सावकाश जाडतो. म्हणून माझं झाड मी नर्सरीतून घेतलंच नाही. शेजाऱ्यांनी कंपाउंडची भिंत बांधताना जुनी कुंपणाची झाडं उपटली, त्यातलं एक मागून आणलं. खाली तीन बोटं रुंद, अर्धं मेलेलं.

त्या झाडावर मी पहिल्याच वर्षी चूक केली. मिरगाच्या आठवड्यात हुरूप आला आणि बुंध्याची साल सोलून बसलो. चवथीपर्यंत त्या लाकडावर हिरवट थर चढला, दिवाळीला नख लावलं तर आत गेलं. आपल्याकडे चार महिने हवाच ओली असते, उघडं लाकूड वाळणार कधी? तेव्हापासून सुक्या फांद्यांचं काम दिवाळीनंतर करतो आणि जिवंत साल काढायची ती माघात, नवी पालवी फुटू लागली की. तेव्हा झाड जखमेची कड लवकर भरतं, आणि लाकडाला वाळायला पावसाआधी तीनेक महिने मिळतात.

सुकलेल्या फांदीला जपानी लोक जिन म्हणतात, साल गेलेल्या बुंध्याच्या पट्ट्याला शारी. जिन करताना फांदी करवतीने सपाट कापू नका. टोक पक्कडीने चेचा, तंतू सुटले की एकेक धरून बुंध्याच्या दिशेने खाली ओढा. लाकूड आपल्या रेषेने फाटतं, आणि वादळात मोडलेल्या फांदीचं रूप येतं ते त्या फाटण्यातून. पटाशीने कोरलेलं लगेच ओळखू येतं.

शारीसाठी आधी नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर मेलेलं. मेलेला भाग खडूने आखा आणि पहिल्या वर्षी तेवढंच सोला. प्रत्येक जिवंत फांदीपासून मुळापर्यंत सालीची अखंड वाट राहिली पाहिजे. ती वाट तुटली की वरची फांदी जाते, आणि बुंध्याभोवती गोल साल काढलीत तर झाडच जातं. पट्टा वाढवायचा असेल तर पुढच्या माघात, बोटभर.

लाकूड वाळलं की चुना-गंधकाचा द्राव लावायचा. कुळागरवाले सुपारीच्या कोळेरोगावर फवारतात ते बोर्डो मिश्रण वेगळं, त्यात मोरचूद असतं; ते इथे चालणार नाही. द्रावात तेवढंच पाणी घाला, लाकूड थोडं ओलं करा आणि जुन्या ब्रशने उन्हात लावा. आधी पिवळं दिसेल, कुजक्या अंड्याचा वास येईल, मग उन्हाने पांढरं पडेल. कुंडीतली माती प्लास्टिकने झाका, काम उघड्यावर करा, आणि कुठल्याही ॲसिडशी हा द्राव मिसळू देऊ नका, विषारी वायू निघतो. नुसता पांढरा रंग चुना फासल्यासारखा वाटतो, म्हणून मी त्यात चिमूटभर कोळशाची पूड घालतो. वर्षातून दोन हात पुरतात, एक दिवाळीनंतर आणि एक मे महिन्यात.

खरी कुज मातीला टेकलेल्या लाकडात सुरू होते. तिथे वाळलेल्या लाकडात पातळ फेविक्विक जिरवून ते टणक करा, आणि भोवतालची माती काढून चिऱ्याचे खडे भरा. वाळवीसाठी बाकड्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात थेंबभर तेल टाका म्हणजे डास होणार नाहीत. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली नको. माझी ओसरीच्या कडेला असते, सकाळचं ऊन मिळतं आणि झड येत नाही.

तुमची सुकलेली बाजू मुळापर्यंत गेली आहे की फांद्यांपुरतीच आहे, ते खरवडून बघा आणि इथे सांगा. मुळापर्यंत गेली असेल तर शारीची रेषा झाडानेच आखून दिली आहे, तुम्हाला जिवंत साल मुळीच काढावी लागणार नाही.