एफडीची मुदत संपेपर्यंत वडिलांच्या पायाची शस्त्रक्रिया थांबवावी का?

वडील 67 वर्षांचे, मधुमेह जुना, अंगठ्याखालची जखम चिघळलेली. सर्जननी कुजलेला भाग काढायचा आणि गरज पडली तर पायाच्या रक्तवाहिनीची अँजिओप्लास्टी करायची म्हटलंय; अंदाज 3 लाखांचा. वडिलांची 6 लाखांची एफडी 7 टक्क्यांची आहे, मुदत संपायला तीन महिने. तोवर ड्रेसिंगवर काढू, असं घरात चाललंय.

थांबू नका. आणि एफडी मोडूही नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून उचल. बँका त्यावर साधारण एफडीच्या दरापेक्षा 1 ते 2 टक्के जास्त व्याज लावतात. 9 टक्के धरा. 3 लाखांवर तीन महिन्यांचं व्याज 6,750 रुपये. तेवढ्याच रकमेवर एफडी 5,250 मिळवून देतेच. म्हणजे थांबून वाचणार दीड हजार! संसर्ग हाडात उतरला तर बोटावर भागणारं काम गुडघ्याखालून पाय कापण्यापर्यंत जाऊ शकतं. मग कृत्रिम पाय, घरी माणूस, तुमच्या रजा... तो हिशोब मी मांडतही नाही.

ओव्हरड्राफ्टच्या आधी मात्र एक फेरी मारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्रांना (योजनेचे मदतनीस) भेटा, सांगितलेल्या शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसतात का ते विचारा. हे भरती होण्याआधीच करा. मंजुरी आधी लागते.

सर्जननाही विचारा: पायाचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) झाला का? रक्तपुरवठाच अडलेला असेल तर नुसती जखम साफ करून ती भरत नाही. खर्चाचा अंदाज टप्प्याटप्प्याने लिहून मागा.

उरलेले 3 लाख इक्विटी फंडात टाकायचं म्हणताय. आत्ता नको. भरलेली जखम साधारण 40 टक्के रुग्णांत वर्षभरात पुन्हा होते. खास पादत्राणं, ड्रेसिंग, तपासण्या हा चालू खर्च समजा, आणि तो पैसा एफडी किंवा बचत खात्यातच राहू द्या.

एजंट सुचवतोय ती नवी आरोग्य पॉलिसी या शस्त्रक्रियेला उपयोगाची नाही. आधीच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. घेतलीत तरी अर्जात मधुमेह आणि ही जखम दोन्ही लिहा, एजंट काहीही म्हणो.