गुरुजींचं नाव आणि माझा कान

प्रिय सोनू,

रविवारी तुझ्या मैत्रिणींसमोर मी माझ्या सतारीच्या गुरुजींचं नाव घेतलं आणि हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. घरी येताना तू विचारलंस, "आई, त्यांचं काय बिघडवलं होतंस तू? अजून कान धरतेस ते!" मी हसून सोडून दिलं, पण ते लागलं. तोंडी मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

गाणारे-वाजवणारे गुरूचं नाव घेताना आदरानं कान धरतात. मला हे कुणी शिकवलं नाही. गुरुजी त्यांच्या गुरूंचं नाव काढताना धरायचे, ते बघून सवय लागली.

सोलापुरात आपलं घर पूर्व भागात, नाना गिरणीत कामाला. आजूबाजूला घरोघर माग, दिवसभर खटखट. त्यात तरफा, म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारा, जुळवणं अशक्य. म्हणून माग सुरू व्हायच्या आत, पहाटे पाचला आज्जी उठवायची. उजव्या तर्जनीत तार छेडायची नखी, डाव्या बोटांना खोबरेल. सहा महिने यमन रागाशिवाय काही नाही. मसीतखानी गत, म्हणजे संथ लयीतली सतारीची रचना, दिर दा दिर दा रा दा दा रा, बाराव्या मात्रेपासून उठायची. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली की गुरुजी एवढंच म्हणायचे, "पुन्हा." मींडेसाठी तार बाजूला ओढून बोटाला चिरा पडायच्या. लहानपणी माझ्या ज्या घट्ट्यावरून तू बोट फिरवायचीस, तो तेव्हाचा.

एका संक्रांतीला सगळी भावंडं गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला गेली. मला सोडलं नाही, कारण पलटा, म्हणजे सरावाची स्वरमाला, साफ नव्हता. होम मैदानावरच्या दारूकामाचे आवाज ऐकत मी रडत वाजवत होते. अकरा वर्षांची होते गं. आज तुझ्याशी कुणी असं वागलं तर मी भांडायला जाईन. मग कान का धरते? सरळ उत्तर माझ्याकडे नाही. भीती होती, खोटं कशाला सांगू.

पण गिरणी बंद पडली तेव्हा फी कुठून द्यायची म्हणून मी दोन महिने गेलेच नाही. एका संध्याकाळी गुरुजी सायकल घेऊन दारात उभे. आज्जीला म्हणाले, "वहिनी, शेंगाचटणी आहे का? भाकरी खातो आणि हिला घेऊन जातो." पुढची सहा वर्षं त्यांनी एक पैसा घेतला नाही. माझी सतारही त्यांनीच मिरजेहून आणली. भोपळ्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आपल्या पंढरपूरकडचा बरं का. मिरजेला जाऊन सूर घेऊन आलाय."

तू कान धरावास असं मी म्हणत नाही. व्हायोलिनच्या बाईंना तू नावानं हाक मारतेस, चुकलीस तर दोघी हसता. मला ते बघायला आवडतं. कधी हेवाही वाटतो. फक्त माझा हात वर गेला तर जाऊ दे.

सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य तार दिवाळीपासून तुटलेली आहे. नवी आणलीय. शनिवारी मोकळी असलीस तर सतार जरा धरून ठेव, मी खुंटी पिळते.

तुझी,
आई